ताऱ्याची उघडझाप मोजणारा कर्णबधिर मुलगा

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री इंग्लंडमधील यॉर्क शहरात अठरा वर्षांच्या एका मुलाला ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा नेहमीपेक्षा बराच मंद दिसला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. या मुलाचे नाव जॉन गुडरिक. तो कर्णबधिर होता.

जॉनचा जन्म १७६४ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झाला. अगदी लहानपणी, बहुधा एखाद्या आजारामुळे, त्याची श्रवणशक्ती गेली. मूल बोलायला शिकते ते ऐकून. त्यामुळे ऐकू न येणाऱ्या मुलाचा गळा आणि जीभ निकोप असूनही बोलणे अडते आणि लोक त्याला मतिमंद समजून मोकळे होतात. जॉनच्या घरच्यांनी तसे केले नाही. एडिंबरोला थॉमस ब्रेडवूड यांनी कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली होती, तिथे त्याला घातले. पुढे वॉरिंग्टनच्या सर्वसाधारण विद्यालयात तो गणितात चमकला.

यॉर्कला परतल्यावर शेजारच्या एडवर्ड पिगट या हौशी निरीक्षकाची त्याला साथ मिळाली. अल्गॉल मंद होतो हे पूर्वी काहींनी पाहिले होते, पण त्यामागचा नियम कोणाला सापडला नव्हता. जॉन आसपासच्या ताऱ्यांशी तुलना करत, नुसत्या डोळ्यांनी, रात्रीमागून रात्री नोंदी करत राहिला. सुमारे २ दिवस २१ तासांनी तारा मंदावतो आणि काही तासांत पूर्ववत होतो, हे त्याने दाखवून दिले. आजचे मोजमाप २ दिवस २० तास ४९ मिनिटे आहे. एखादे मोठे, काळोखे पिंड ताऱ्यासमोरून जात असावे, असा तर्कही त्याने मांडला. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले.

१६ एप्रिल १७८६ रोजी सोसायटीने त्याला सदस्य निवडले. चारच दिवसांनी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, तो वारला. त्याचा तर्क वर्णपटाच्या अभ्यासातून खरा ठरला तो १८८९ मध्ये. अल्गॉलसमोरून जाणारे ते पिंड म्हणजे दुसरा, मंद तारा निघाला.

परक्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह आज याच तत्त्वावर शोधले जातात. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा जेमतेम एक टक्का प्रकाश अडवतो. १९९९ मध्ये असे अधिक्रमण पहिल्यांदा टिपले गेले. आज आकाशनिरीक्षण मंडळांतले हौशी सभासदही लहान दुर्बीण आणि कॅमेऱ्याने अशा नोंदी करतात.

जॉनला त्याच्या काळात श्रवणयंत्र मिळणे शक्य नव्हते, शाळा मात्र वेळेवर मिळाली. आता बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करता येते. दोष आढळला, तर सहा महिन्यांच्या आत उपचार आणि भाषेचे शिक्षण सुरू व्हायला हवे. मूल उशिरा बोलेल म्हणून वाट पाहण्यात हीच मोलाची वेळ निघून जाते.