नाणेसंग्राहक पंडित भगवानलाल इंद्रजी

आमच्या खानदेशांत, मग तें जळगांव असो कीं धुळें, जुन्या नाण्यांचें प्रदर्शन भरलें म्हणजे विद्यार्थ्यांची मोठी दाटी होते. शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा हीं पाहून मुलांस कौतुक वाटतें. परंतु कोपऱ्यांत मांडलेलें, बोटाच्या पेराहूनही लहान, अवघें दोन ग्रॅम वजनाचें क्षत्रपांचें रुपेरी नाणें पाहावयास फारसें कोणी थांबत नाहीं. ज्या पुरुषानें आपलें आयुष्य अशा नाण्यांपायीं वेंचलें, त्याची ओळख आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी असें आम्हीं योजिलें आहे.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ सालीं काठेवाडांत जुनागड येथें झाला. गांवाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिजवर अशोकाच्या धर्माज्ञा व महाक्षत्रप रुद्रदामन याचा संस्कृत लेख कोरलेला आहे. नित्य जाणाऱ्यायेणाऱ्यांस तीं अक्षरें लागत नसत. जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला होता. ती मुळाक्षरें या मुलाच्या हातीं पडलीं, आणि तो शिळेपाशीं बसून एकेक अक्षर लावूं लागला. इंग्रजी शाळेचा लाभ त्यास झाला नव्हता, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

या नादाची वार्ता फॉर्ब्स नामक अधिकाऱ्याच्या द्वारें मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानीं गेली, व १८६१ सालीं भगवानलाल मुंबईस आले. चाळीसगांवनजीक पाटण येथील भास्कराचार्यांच्या वंशाचा शिलालेख उजेडांत आणणारे ते हेच भाऊ दाजी. त्यांनीं या तरुणास आपल्या जळगांवाहून सुमारें साठ किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत लेख उतरून घेण्यास धाडलें. पुढें राजपुताना, मथुरा, काशी असे प्रवास घडले. शेवटच्या मोठ्या दौऱ्यांत ते नेपाळापर्यंत गेले. १८७४ सालीं भाऊ दाजी निवर्तले आणि भगवानलालांचा आधार तुटला. संशोधन मात्र तुटलें नाहीं.

नाण्यांचा संग्रह पुष्कळ जण करितात. भगवानलालांची थोरवी अशी कीं, त्यांनीं नाण्यांकडून साक्ष काढली. क्षत्रपांच्या नाण्यावर एका बाजूस राजाचा मुखवटा असतो. दुसरीकडे तीन कमानींची टेकडी, चंद्रकोर, तारे, आणि भोंवतीं ब्राह्मींत राजाचें व त्याच्या बापाचें नांव. बहुतेक नाण्यांवर मस्तकामागें शकाचें वर्षही घातलेलें आढळतें. शंभर हा आंकडा दिसला, तर त्यांत अठ्याहत्तर मिळवावे. इसवी सन १७८ निघतो. बापाचें नांव आणि साल हीं दोन्ही मिळाल्यावर पंडितजींनीं तीं नाणीं ओळीनें मांडलीं, आणि ग्रंथांत ज्याची संगति लागत नव्हती असें एक राजघराणें पिढीवार उभें राहिलें. गादी बापाकडून थेट मुलाकडे न जातां आधीं भावाभावांत फिरे, हेंही त्यावरूनच कळून येतें. सोनाराच्या मुशींत अशीं किती नाणीं गेलीं असतील याचा विचार मनांत येतो. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस नाणें चिंचेनें घासून लखलखीत करण्याची हौस आहे. त्यांनीं ती सोडावी. घासण्यांत प्रथम जातो तो मस्तकामागचा आंकडाच.

१८८२ सालीं वसईजवळ सोपारें येथें पंडितजींनीं एक उंचवटा खणविला. आंत स्तूप निघाला. दगडी पेटींत तांब्याचा करंडा, त्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आंत सोन्याचा. भोंवतीं आठ ब्राँझच्या मूर्ति. सोन्याच्या करंड्याकडे सर्वांची दृष्टि गेली असेल, पण काळ सांगितला तो तेथेंच सांपडलेल्या रुप्याच्या एका नाण्यानें. तें सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याचें होतें. तें झिजलेलें नव्हतें, म्हणून तें पाडल्यावर फार दिवस न लोटतांच तेथें ठेविलें गेलें असावें, असा तर्क करितां येतो.

त्यांचे निबंध आरंभीं गुजरातींत लिहिलेले असत; बुल्हर साहेबांसारख्या विद्वानांनीं ते इंग्रजींत उतरविले. हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें १८८४ सालीं त्यांस डॉक्टर ही सन्मान्य पदवी अर्पण केली.

१८८८ सालीं, वयाच्या पन्नाशीच्या आंतच, मुंबईस त्यांचें देहावसान झालें. क्षत्रपांवरील त्यांचा निबंध १८९० सालीं रॅप्सन यांनीं छापून काढिला. मृत्युपत्रानें त्यांनीं आपलीं नाणीं व लेख लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला दिले. तीं नाणीं तेथें नीट जतन झालीं, हें खरें. तरी ज्या मातींतून तीं निघालीं तेथील मुलांस पाहावयास मिळत नाहींत, याची आम्हांस रुखरुख वाटते. हस्तलिखितें मात्र त्यांनीं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीस दिलीं, व तीं भाऊ दाजींच्या हस्तलिखितांशेजारीं ठेवावीं, एवढीच इच्छा लिहून ठेविली.