दुसऱ्याला सावरताना सावरलेले बिल विल्सन

मे १९३५. अमेरिकेतील ॲक्रन शहराच्या मेफ्लॉवर हॉटेलात एक गृहस्थ अस्वस्थपणे येरझाऱ्या घालीत होते. व्यवहार फसला होता, खिशात मोजकेच डॉलर उरले होते आणि बारमधून हास्याचे आवाज येत होते. पावले बारकडे वळण्याआधी ते टेलिफोनकडे गेले. बोलायला आपल्यासारखाच एखादा मद्यपी मिळावा, एवढीच त्यांची विनवणी होती.

हे बिल विल्सन. जन्म २६ नोव्हेंबर १८९५ चा, व्हर्माँट राज्यातील ईस्ट डॉर्सेटचा. आईवडील विभक्त झाल्याने ते आजोळी वाढले. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांना मद्याची ओळख झाली. पुढे शेअर बाजारात मिळविलेला पैसा १९२९ च्या पडझडीत गेला. दारू मात्र राहिली. पत्नी लोइस यांनी नोकरी करून संसार रेटला. न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात वारंवार भरती व्हावे लागले. हा दुबळेपणा नसून आजार आहे, हे तेथील डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना पटविले. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांची दारू कायमची सुटली.

त्यानंतर पाच महिने त्यांनी अनेक मद्यपींना समजावून पाहिले. एकही सुधारला नाही. पण विल्सन स्वतः टिकले. ॲक्रनमधील त्या फोनमुळे शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ भेटले. उपदेशाऐवजी विल्सन यांनी स्वतःची कहाणी सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉ. स्मिथ यांनी अखेरचा घोट घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापना दिन मानला जातो.

दीर्घकाळ व्यसनमुक्त राहणाऱ्यांचे गमक काय, याचा शोध मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी अनेक दशके घेतला. १९८३ च्या ग्रंथात त्यांनी चार आधार नोंदविले: दारूची जागा घेणारा दुसरा ध्यास, पिण्याचे परिणाम सतत आठवून देणारी देखरेख, नवी जिव्हाळ्याची नाती आणि आशा देणारा समूह किंवा श्रद्धा. केवळ निर्धार पुरत नाही, हेच त्यातून दिसले. विल्सन यांना हे आधार अनुभवातून सापडले होते.

ते संत मात्र नव्हते. अनेक वर्षे त्यांना नैराश्याने ग्रासले. अनामिकतेच्या तत्त्वापायी १९५४ मध्ये येल विद्यापीठाची मानद पदवी नाकारणाऱ्या विल्सन यांना धूम्रपान सोडणे जड गेले. फुप्फुसे निकामी होऊन २४ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर ३६ वर्षे त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता.