दापुऱ्याचा डेबूजी

प्रातःस्मरणीय श्री गाडगेबाबांचे चरित्र आमच्या परीट ज्ञातिबांधवांस नवे नाही. हातातील खराटा, अंगावरील चिंध्यांची गोधडी, डोक्यावरील फुटके गाडगे हे सर्व आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु हे कथन बहुधा १ फेब्रुवारी १९०५ च्या गृहत्यागापासून सुरू होते. त्यापूर्वीचा, ऐन विशीतला डेबूजी आम्हांस येथे वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. कारण पदवी पदरात पडून नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत बसलेली मुले आमच्या धारणीच्या घराघरांत आहेत, आणि आम्ही वडीलधारी मंडळी त्यांस उठता बसता एकच गोष्ट विचारतो, की पुढे काय?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. वडील दारूच्या पायी अकाली गेले. आई सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास भावाच्या, चंद्रभानजींच्या, आश्रयास आली. डेबूजी गुरे राखू लागला, औत धरू लागला, आणि पाहता पाहता मामाच्या शेतीचा कर्ता हात झाला. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. कष्ट करणारा भाचा व कसदार जमीन असे चित्र होते. या मुलाच्या भवितव्याची चिंता करावी, असे त्या वेळी कोणास वाटले असेल?

परंतु ती जमीन कर्जाच्या कागदांत कधीच अडकली होती. मामा निरक्षर होते. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी अंगठा उठविला होता, आणि त्यात काय लिहिले आहे हे घरात कोणासच वाचता येत नव्हते. जमीन जाणार या धक्क्याने मामा खचले व निवर्तले. सावकार ताबा घेण्यास आला तेव्हा डेबूजी औतावर होता. त्याने औत सोडले नाही, उलट येणाऱ्यांस शेतातून पिटाळून लावले. ही हकीगत लोक मोठ्या रसाने सांगतात. आमचे लक्ष मात्र त्या अंगठ्याकडेच जाते. मनगटात कितीही बळ असले, तरी न वाचता येणाऱ्या कागदावर उद्याचा दिवस अवलंबून असणे म्हणजे काय, हे त्या तरुणाने सोसले होते. पुढे ताटे विकावी लागली तरी मुलांस शिकवा असे ते गावोगावी सांगत फिरले, त्याचे मूळ आमच्या मते दापुऱ्याच्या त्या शेतात आहे.

घरच्या मुलीच्या बारशास दारू व मटणाची चाल मोडून त्याने गोडाचे जेवण घातले. पंगतीत नाके मुरडणारे आमचेच पूर्वज होते, हे ज्ञातीच्या या अंकात लपविण्याचे कारण नाही. जमीन संकटात आणि ज्ञातीचा रोष पदरी, अशा स्थितीत पुढचे काहीच दिसत नसताना त्याने आजच्या पुरते योग्य वाटले ते केले.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याने घर सोडले. आई, पत्नी व लेकरे मागे राहिली. या त्यागाची स्तुती आम्ही नित्य करतो. परंतु त्या रात्रीनंतर कुंताबाईंच्या पुढेही तेच अंधारे भवितव्य उभे राहिले होते, आणि त्यांनी ते न निवडता वाट्यास आले होते. त्यांच्याविषयी आमच्या स्मरणिकांतून फारसे कधी लिहिले गेले नाही, ही आमची उणीव होय.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. गृहत्यागानंतर डेबूजी तेथे सेवा करू लागले. तेथील घाट हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांवर आपल्या नातलगांचा हक्क राहू नये अशी तजवीज केली. स्वतःच्या उद्याच्या भाकरीची सोय मात्र त्यांनी कधी केली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी, प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

१९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. आमच्या धारणीची मुले परतवाड्याचा घाट उतरून अमरावतीहून जी पदवी घेऊन येतात, तिच्यावर अक्षरओळख नसलेल्या दापुऱ्याच्या त्या भाच्याचे नाव छापलेले असते.