‘अलबेला’मधला ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट नेमका होता तरी कोण?

लग्नसराईत बिडकीनला पैठण रोडवर वरात निघाली आणि बँडवाल्यांनी ‘अलबेला’ची चाल धरली, की म्हातारी माणसंसुद्धा भगवानदादांसारखे हात हलवायला लागतात. भगवानदादा सगळ्यांना माहीत. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, तेही बऱ्याच जणांना माहीत. पण त्या गाण्यांमधला ट्रम्पेट?

तो अंतोनियो झेवियर वाझचा. जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळेतच पोरांना पाश्चात्य नोटेशन शिकवायचे. त्यामुळे स्वरलिपी घडाघडा वाचणारे वादक गावोगाव तयार झाले, पण गावात त्यांना पोटापुरतं काम नव्हतं. मग मुंबई गाठायची. तिथे धोबी तलाव भागात गोवेकरांची ‘कुड’ असायची, म्हणजे आपापल्या गावच्या माणसांसाठी राहायची खोली. परक्या शहरात आपल्या गावाचा एक तुकडाच म्हणा ना.

वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाला. त्याचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग. ज्या न्यू ऑर्लिन्समधून तो पुढे आला, त्या शहराच्या आठवणीनं व्याकूळ होणारं गाणं आर्मस्ट्राँगनं १९४७ च्या ‘न्यू ऑर्लिन्स’ सिनेमात वाजवलं. चिकनं त्याची ढब इतकी उचलली, की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ताजमहाल हॉटेलात त्याच्या बँडवर बडी मंडळी नाचायची.

पुढे मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलातल्या बँडची कमाई आटली. वादकांना सिनेमाच्या रेकॉर्डिंगनं तारलं.

आता खरी गंमत इथे आहे. त्या काळात बरेच संगीतकार चाल गाऊन दाखवायचे. ती कागदावर उतरवायची, ट्रम्पेटला काय, सॅक्सोफोनला काय, व्हायोलिनला काय हे वाटून द्यायचं, कडव्यांच्या मधले तुकडे रचायचे, हे काम गोवेकर अरेंजरचं. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) यांतल्या रामचंद्रांच्या संगीतात जो पाश्चात्य ठसका आहे, त्यात चिकचा वाटा मोठा. श्रेय मात्र फार तर सहाय्यकाचं. आमच्या मते हा हिशेब चुकलेलाच होता, आणि तो एकट्या चिकच्याच बाबतीत चुकला असं नाही.

स्वतंत्र संगीतकार म्हणूनही त्यानं नशीब आजमावलं. ‘नादान’ (१९५१) मध्ये देव आनंद आणि मधुबाला होते, तरी चिकचं नाव संगीतकारांच्या पहिल्या रांगेत गेलं नाही. तो पुन्हा दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत राहिला.

१९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये नाइट क्लबातलं एक गाणं आहे. भूपिंदर गातोय आणि कॅमेरा मधूनमधून एका सावळ्या, गोल चेहऱ्याच्या ट्रम्पेटवाल्यावर जातो. तोच चिक. पुढच्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना तो गेला.

सिनेमा यूट्यूबवर सापडला तर ते गाणं जरूर बघा, आणि गायकाकडे नको, त्याच्या बोटांकडे बघा.