डॉ. जेम्स नेस्मिथ : खेळाचे जनक, विद्यार्थ्यांचे गुरुजी

खो-खो, कबड्डी किंवा आट्यापाट्या या खेळांचा कर्ता कोण, हे कोणालाच सांगता येणार नाही. गावोगावच्या मैदानांवर ते पिढ्यान्‌पिढ्या घडत गेले आणि पुण्या-बडोद्याच्या जिमखान्यांनी पुढे त्यांना नियमांत बांधले. बास्केटबॉलचे तसे नाही. हा खेळ एका शिक्षकाने, एका हिवाळ्यात, वरिष्ठांनी घालून दिलेल्या दोन आठवड्यांच्या मुदतीत निर्माण केला. त्या शिक्षकाचे नाव डॉ. जेम्स नेस्मिथ. त्यांच्या आयुष्याची अखेरची चार दशके अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात गेली. आज त्या विद्यापीठाचे नाव बास्केटबॉलपासून वेगळे काढता येत नाही. तरीही तेथील प्रशिक्षकांच्या यादीत जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक, अशी नोंद असलेले एकमेव नाव खुद्द या खेळाच्या जनकाचे आहे. या विसंगतीचा उलगडा त्यांच्या चरित्रातच होतो.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मॉन्ट या गावाजवळ, स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबात झाला. १८७० मध्ये विषमज्वराने आईवडील दोघेही गेले. नऊ वर्षांच्या या पोरक्या मुलाला मामांनी सांभाळले. शेतावरची कष्टाची कामे करीत तो वाढला. गावातील मुलांचा एक आवडता खेळ होता, डक ऑन अ रॉक. आपल्या लगोरीशी नाते सांगणारा हा खेळ. मोठ्या खडकावर एक धोंडा ठेवायचा, बाकीच्यांनी दुरून दगड मारून तो पाडायचा, आणि आपला दगड परत आणताना राखणदाराच्या हाती सापडायचे नाही. जोरात फेकलेला दगड नेम चुकला की दूर जाऊन पडे; अलगद, कमान करून टाकलेला दगड मात्र नेमका बसे आणि जवळच पडे. लहानपणीची ही साधी गोष्ट पुढे त्यांच्या फार उपयोगी पडायची होती.

मध्येच शाळा सोडून त्यांनी काही वर्षे लाकूडतोड्याचे काम केले. मग विशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा शाळेच्या बाकावर येऊन बसले, आणि १८८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. पदवीनंतर धर्मोपदेशक होण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. त्याच वेळी रग्बी, लॅक्रॉस आणि जिम्नॅस्टिक्स यांतही त्यांचा हात कोणी धरीत नसे. धर्मकार्याला वाहून घेणाऱ्याने मैदानी धसमुसळेपणात का पडावे, असे त्यांच्या भोवतालच्यांना वाटे. एकदा सामन्याच्या ऐन भरात एका सहकाऱ्याच्या तोंडून शिवी निघाली. नेस्मिथ शेजारी आहेत हे ध्यानात येताच तो ओशाळला आणि त्याने माफी मागितली. नेस्मिथ स्वतः त्याला कधी काही बोलले नव्हते. माणूस घडवण्याचे काम व्यासपीठावरून होते तसे मैदानावरूनही होऊ शकते, हा विचार त्यांच्या मनात या प्रसंगाने रुजला. १८९० मध्ये ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत गेले.

तेथे शारीरिक शिक्षणाचे प्रमुख ल्यूथर ग्युलिक होते. हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली गेली की विद्यार्थ्यांना बंदिस्त सभागृहात कवायत करावी लागे, आणि त्या कवायतीला ते अगदी कंटाळून गेले होते. अठरा जणांचा एक वर्ग तर शिक्षकांना आवरेनासा झाला होता. हा वर्ग ग्युलिक यांनी नेस्मिथ यांच्या हवाली केला आणि घरात खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधण्यास सांगितले. माहीत असलेले मैदानी खेळ आत आणून पाहिले, तर विद्यार्थ्यांना नुसती दुखापत होई. तेव्हा नेस्मिथ यांनी प्रश्न मुळापासून तपासला. चेंडू घेऊन धावता येते म्हणून प्रतिस्पर्ध्याला पाडावे लागते. मग धावण्यासच मनाई केली तर पाडण्याचे कारण उरत नाही. गोल समोर असला की चेंडू जोराने मारला जातो. तो डोक्यावर, आडव्या तोंडाचा असला तर चेंडू अलगद कमान करूनच टाकावा लागेल. आल्मॉन्टचा तो खडक येथे कामी आला.

डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी तेरा नियम लिहून काढले. संस्थेच्या शिपायाकडे खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. सभागृहाच्या सज्जाला त्या ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट होता, आणि बास्केटची ती उंची आजतागायत बदललेली नाही. फुटबॉलचा चेंडू आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू असा पहिला सामना झाला. त्यात एकच गोल झाला. टोपलीला बूड होते, त्यामुळे तो चेंडू वर चढून काढावा लागला. विद्यार्थी मात्र खेळ थांबवायला तयार होईनात. नेस्मिथ यांनी खेळाचे हक्क कधी घेतले नाहीत आणि त्यातून पैसाही केला नाही. स्प्रिंगफील्डहून बाहेर पडलेल्या वायएमसीएच्या कार्यकर्त्यांनी तो देशोदेशी नेला. भारतातही तो याच वाटेने रुजला. स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, आणि तेथे तयार झालेल्या शिक्षकांबरोबर हा खेळ शाळा-कॉलेजांच्या आवारांत पोहोचला.

पुढे डेन्व्हर शहरात नोकरी करीत नेस्मिथ वैद्यकीय पदवीधर झाले. १८९८ मध्ये ते लॉरेन्स गावी, कॅन्सस विद्यापीठात आले. ओरेड नावाच्या टेकडीवर वसलेले हे विद्यापीठ राज्याच्या खर्चाने चालणारे, शेतकऱ्यांच्या आणि लहान व्यापाऱ्यांच्या मुलामुलींना शिकवणारे होते. रोजची प्रार्थना चालवणारा धर्मज्ञ आणि व्यायाम शिकवणारा शिक्षक, अशी दोन्ही कामे सांभाळील असा एकच माणूस विद्यापीठाला हवा होता. बास्केटबॉलचा संघ उभा करणे हे काही त्यांच्या नेमणुकीचे कारण नव्हते. पण ते आले आणि खेळही आला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी विद्यापीठाचा संघ पहिला सामना खेळला आणि कॅन्सस सिटीच्या वायएमसीएकडून १६-५ असा हरला. प्रशस्त व्यायामशाळा १९०७ मध्ये झाली. तोवर तळघरातील बुटक्या छताच्या खोलीत खेळ चाले.

नेस्मिथ यांनी १९०७ पर्यंत संघ सांभाळला. पंचावन्न सामने जिंकले, साठ हरले. या आकड्यांचे त्यांना दुःख झाल्याचे दिसत नाही. त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते. नव्या विद्यार्थ्याची उंची, वजन, छाती मोजून त्याला कोणता व्यायाम मानवेल हे ते ठरवीत, आरोग्यशास्त्र शिकवीत, तलवारबाजीचे धडे देत. निवडक पाच जणांनी खेळावे आणि हजारोंनी ओरडावे, यापेक्षा सगळ्यांनीच मैदानात उतरावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या लेखी खेळ हे विद्यार्थी घडवण्याचे साधन होते.

विद्यापीठाचे वारे मात्र दुसऱ्या दिशेने वाहू लागले होते. त्यांच्याच संघातला फॉरेस्ट ॲलन हा खेळाडू प्रशिक्षक व्हायला निघाला, तेव्हा हा खेळ शिकवण्याचा नसून खेळण्याचा आहे, असे नेस्मिथ यांनी त्याला सांगितल्याची आठवण आजही सांगितली जाते. ॲलन यांनी गुरूंचे हे म्हणणे मानले नाही. भोंग्यासारख्या आवाजामुळे फॉग या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या या शिष्याने कॅन्ससमध्ये ३९ हंगामांत ५९० सामने जिंकले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ॲडॉल्फ रप यांनी केंटकी विद्यापीठाला आणि डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाला वैभवाचे दिवस दाखवले. दोघांच्याही नावावर आठशेहून अधिक विजय आहेत. अमेरिकेच्या राज्य विद्यापीठांत बास्केटबॉलची जी भक्ती आज दिसते, तिची वंशावळ अशी लॉरेन्सपर्यंत जाऊन पोहोचते. गुरू-शिष्यांची मते जुळली नाहीत, पण जिव्हाळा तुटला नाही. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. वृद्ध नेस्मिथ यांच्याकडे तेथवर जाण्याइतके पैसे नव्हते. ॲलन यांनी पुढाकार घेतला आणि देशभरच्या सामन्यांतून प्रेक्षकांकडून थोडे थोडे पैसे गोळा झाले. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. एक संघ जन्मभूमीचा, दुसरा १९२५ मध्ये ज्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचा. पदके देण्याचा मान नेस्मिथ यांना मिळाला.

तरी त्यांच्या लॉरेन्समधील कार्याचा कस लागला तो या समारंभापूर्वी. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण विद्यापीठात शिकायला आला. या खेळाचा जनक तेथे शिकवतो हे कळल्यावर वडिलांनी त्याला सरळ नेस्मिथ यांच्याकडे पाठवले होते. शारीरिक शिक्षण विभागात प्रवेश मिळाला, पण विद्यापीठाच्या संघाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. ज्या खेळाचा अभ्यास करायचा, तोच विद्यापीठाकडून खेळण्याची मुभा नाही, अशी ही कोंडी. पोहण्याच्या तलावाचीही हीच कथा. मॅक्लेंडन तलावात उतरले, तर नंतर त्यातील पाणी उपसून टाकण्यात आले. स्पर्शाने पाणी बाटते ही कल्पना आणि चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला या घटनेचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. मॅक्लेंडन मागे हटले नाहीत आणि अखेर तलाव सर्वांना खुला झाला. या काळात सत्तरी ओलांडलेले नेस्मिथ त्यांचे मार्गदर्शक आणि पाठीराखे होते. संघाचे दार मात्र त्यांनाही उघडता आले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

जे मैदानावर देता आले नाही ते त्यांनी वर्गात दिले. १९३६ मध्ये पदवी घेऊन मॅक्लेंडन बाहेर पडले आणि वेगवान खेळाची नवी पद्धत त्यांनी घडवली. १९४४ मध्ये, वर्णभेदाच्या ऐन काळात, त्यांच्या नॉर्थ कॅरोलिनातील संघाने ड्यूक विद्यापीठाच्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघाशी बंद दाराआड सामना खेळला आणि ८८-४४ असा जिंकला. १९५७ ते १९५९ या सलग तीन वर्षी टेनेसीतील आपल्या महाविद्यालयाला त्यांनी एनएआयएचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. ज्याला संघात घेतले गेले नाही, त्याने असे अनेक संघ उभे केले.

नेस्मिथ १९३७ मध्ये निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विद्यापीठांची पहिली एनसीएए स्पर्धा झाली होती. ओरेगन आणि ओहायो या दोन राज्यांची विद्यापीठे अंतिम फेरीत होती आणि ओरेगन जिंकले होते. आज लॉरेन्समध्ये १९५५ साली उभे राहिलेले ॲलन फील्डहाऊस पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरते. विद्यार्थी जागेसाठी दिवसच्या दिवस मुक्काम ठोकतात, पाहुण्या संघाची ओळख करून दिली जात असता वर्तमानपत्रे उघडून धरतात, आणि विजय दृष्टिपथात आला की विद्यापीठाचा जुना जयघोष संथ सुरात घुमू लागतो. इमारतीला नाव शिष्याचे आहे; तिच्यातील क्रीडांगणाला गुरूंचे. त्या तेरा नियमांचे मूळ टंकलिखित कागद २०१० मध्ये लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरना विकले गेले. विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते विकत घेतले आणि आता ते शेजारच्याच इमारतीत जतन केलेले आहेत.

साठ पराभवांचा हिशेब या सगळ्यापुढे लहान वाटतो. शिक्षकाचे यश कोणत्या वहीत मांडावे, हा प्रश्न शाळा-कॉलेजांत मुलांना मैदानावर नेणाऱ्या आपल्याकडील प्रत्येक गुरुजींनाही पडत असेल. नेस्मिथ यांच्या वहीत शिष्यांची नावे होती, आणि त्यांत मॅक्लेंडन हे एक होते.