पात्यापासून कारखान्यापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

रुआबांध्यात राहणाऱ्या आपल्याला पोलादाचे फारसे नवल वाटत नाही. कारखाना शेजारीच आहे. पण एखादे पाते हाताने घडवायला बसले की पोलाद किती हट्टी असते ते कळते. लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कडक होते, पण ठिसूळही होते. मग पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवायचा. कडक राहिले तर धारेचे टवके उडतात, मऊ राहिले तर धार टिकत नाही.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळले. रंग सुटले, पण यंत्रांची चित्रे काढण्यात हात बसला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी लागली. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे थोरल्या भावाबरोबर त्यांचे सायकलचे दुकान होतेच.

सुरुवात केली ती कडबा कापण्याच्या यंत्रापासून. अख्खा कडबा टाकला की बैल पाने खातात आणि जाड धाटे तुडवतात; बारीक तुकडे केले तर चारा वाया जात नाही. अशा यंत्राचा सगळा जीव पात्यात असतो. चाक कितीही छान फिरो, धार गेली की शेतकरी यंत्र कोपऱ्यात ठेवतो. म्हणून मला वाटते, नांगराच्या फाळाआधी पात्याशी झुंजणे हीच त्यांची खरी शाळा.

१९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत, त्यामुळे गिऱ्हाईक मिळायला सुमारे दोन वर्षे गेली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. एखादा तिथेच थांबला असता. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचे घर. १९१० मध्ये मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा देऊन टाकल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफेचा हा उपयोग आपल्या अभ्यासक्रमात नाही!

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ती फेब्रुवारी १९५९ मध्ये.