संत डॉन बॉस्को आणि मुलांचा बँड

सणाच्या दिवशीं देवळाच्या पटांगणांत बँडचे सूर निघूं लागले, म्हणजे लहानथोरांचीं मनें हर्षानें भरून येतात. परंतु मुलाच्या हातीं वाद्य द्यावयाचें तें कशासाठीं, याचा विचार आपण क्वचितच करतों. हा विचार ज्यांनीं आयुष्यभर केला, त्या संत योहान बॉस्को यांचें अल्पचरित्र या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं वाचकांस सादर करीत आहों.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं इटलींतील पीडमाँट प्रांतांत, बेक्की नांवाच्या वाडीवर, एका गरीब शेतकरी कुटुंबांत झाला. दोन वर्षांच्या आंतच त्यांचें पितृछत्र हरपलें. आई मार्गारीता हिनें शेतांत राबून मुलांस वाढविलें. बाल योहान डोंबाऱ्याचे खेळ शिकला. दोरीवर चालून गांवकरी जमवावे आणि त्यांच्याकडून रोझरी म्हणवून घ्यावी, असा त्याचा क्रम असे. पुढें शिक्षणासाठीं एका शिंप्याच्या घरीं राहत असतां, त्या संगीतप्रेमी यजमानाकडून त्यानें देवळांतील गायन व वाद्यवादन शिकून घेतलें.

सेमिनरींत असतांना एका सणाच्या दिवशीं नातलगांच्या आग्रहास्तव त्यांनीं व्हायोलिन वाजविलें. इतक्यांत बाहेर लोक त्या सुरांवर नाचूं लागल्याचें त्यांच्या ध्यानीं आलें. आपलें वादन नाचतमाशास निमित्त झालें, याचा त्यांस इतका खेद वाटला कीं, घरीं परततांच त्यांनीं तें वाद्य मोडून टाकलें.

५ जून १८४१ रोजीं ते धर्मगुरू झाले व तेव्हांपासून डॉन बॉस्को या नांवानें ओळखले जाऊं लागले. इटलींत धर्मगुरूच्या नांवामागें डॉन हा मानाचा शब्द लावतात. त्या काळीं तुरीन शहरांत पोटासाठीं आलेलीं शेंकडों पोरकीं मुलें गवंड्यांच्या हाताखालीं राबत व रस्त्यावर वाढत. कित्येक तुरुंगांत जात. अशा मुलांस त्यांनीं जवळ केलें. १८४६ च्या ईस्टर सणीं वाल्डोक्को भागांतील एका पडवीवजा जागेंत त्यांच्या मेळ्यास कायमचा आसरा मिळाला. तेथें ते रात्रीं गायनाचे वर्ग घेत. एकेका शिष्यास शिकविण्याची रूढि सोडून त्यांनीं अनेक मुलांस एकदम शिकविण्यास आरंभ केला. ही नवी रीत पाहावयास शहरांतील नामांकित संगीतशिक्षक येऊं लागले.

१८५३ सालीं तेथें चांभारकाम व शिवणकाम यांचे कारखाने निघाले आणि १८५५ च्या सुमारास कारागीर मुलांचा बँड उभा राहिला. त्याची व्यवस्था ज्यूसेप्पे बुझेत्ती यांच्याकडे होती. हे स्वतः लहानपणीं गवंड्याच्या हाताखालीं काम करणारे, डॉन बॉस्को यांच्या पहिल्या मुलांपैकीं एक होत. सणावारीं व मिरवणुकींत हा बँड वाजे. शरद ऋतूंत मुलांचा तांडा बँडसह मोंफेर्रातो भागांतील खेड्यापाड्यांतून पायीं फिरे.

परंतु कौतुकानें मुलें शेफारतात. एके वर्षीं संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणास बाहेर जाऊन मेजवानी करण्यास डॉन बॉस्को यांनीं मनाई केली आणि घरींच चांगलें जेवण देऊं केलें. तरी बुझेत्ती व थोडीं मुलें वगळतां सारे वादक आज्ञा मोडून खाणावळींत गेले. डॉन बॉस्को यांनीं वाद्यें कुलपांत ठेवविलीं, अपराध्यांस घरांतून निरोप दिला, आणि नवीं मुलें घेऊन पहिल्या स्वरापासून आरंभ करण्यास बुझेत्ती यांस सांगितलें. वर्षांची मेहनत एका रात्रींत गेली. ज्या मुलांस रस्त्यावरून आणलें, त्यांतील कांहींस पुन्हां दारांतून बाहेर पाठवितांना त्या पित्याच्या हृदयास काय यातना झाल्या असतील! परंतु मुलांसाठीं बँड आहे, बँडसाठीं मुलें नव्हेत, हें तत्त्व त्यांनीं सोडलें नाहीं.

नवा बँड उभा राहिला आणि पुढें ही परंपरा अधिकच बहरली. गायनांत वाढलेला जोव्हान्नी काल्येरो १८७५ सालीं पहिल्या मिशनऱ्यांचा नायक होऊन आर्जेंटिनास गेला व १९१५ सालीं कार्डिनल झाला. ज्यूसेप्पे दोल्यानी या साध्या ब्रदरांनीं वाल्डोक्कोच्या संगीताची धुरा अनेक वर्षें वाहिली.

३१ जानेवारी १८८८ रोजीं डॉन बॉस्को प्रभुचरणीं लीन झाले. १ एप्रिल १९३४ रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचे सालेशियन पुत्र १९०६ सालीं तंजावरास व १९२८ सालीं मुंबईस आले.

वाचकहो, वाद्य मोडलें तर दुसरें विकत घेतां येतें. मुलाचें मन बिघडलें तर तें कोणत्या बाजारीं मिळावयाचें? आपल्या मुलांच्या हातीं कर्णा किंवा ढोल देतांना ही गोष्ट आपण ध्यानीं ठेवूं या, आणि या संताची मध्यस्थी मागूं या.